स्नोमोबाइल मागून फार बसतेय – सॅग कमी कसा करायचा?

बर्फाळ बंड्या (डुलुथ, मिनेसोटा)

मंडळी, या हिवाळ्यात एकदाची वापरलेली स्लेड (म्हणजे स्नोमोबाइल) घेतली. ट्रॅक १३७ इंची, मागच्या स्किडला (ट्रॅकच्या आतला सस्पेन्शनचा सांगाडा) टॉर्शन स्प्रिंगची (पिळून जोर देणारी स्प्रिंग) जोडी, एकट्याने चालवायची ट्रेलवरची गाडी. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. रोझो आणि थीफ रिव्हर फॉल्स ही दोन स्नोमोबाइल कंपन्यांची गावं आमच्याच राज्यात आहेत, नाव घेतलं की इथे पानिपत होईल.

आधीचा मालक काडीपैलवान होता. मी १०४ किलो. बिब, जॅकेट, बूट, हेल्मेट चढवलं की ११५ च्या घरात जातो. शिवाय मागच्या रॅकवर बॅग असते: टो रोप, जादाचा बेल्ट, थर्मास, डबा.

आमचा नेहमीचा रस्ता म्हणजे नॉर्थ शोअर ट्रेल, डुलुथपासून ग्रँड मरेपर्यंत १४६ मैल. सकाळी ट्रेल नुकता ग्रूम केलेला (यंत्राने सपाट केलेला) असतो तेव्हा त्रास नाही. दुपारनंतर खड्डे-उंचवटे तयार झाले की मागचं सस्पेन्शन तळाला आपटतं आणि तो दणका थेट मणक्यात जातो. वळणावर हँडल वळवलं तरी स्लेड सरळच जायला बघते. आणि संध्याकाळी समोरून येणारे लोक हात हलवतात. मला आधी वाटलं नमस्कार करताहेत, पण ते हेडलाइट डोळ्यांत जातोय म्हणून चिडलेले असतात.

बसलो की मागचा भाग खाली जातो (यालाच सॅग म्हणतात) हे नुसत्या डोळ्यांनी दिसतं. एक मित्र म्हणतो लिमिटर स्ट्रॅप (स्किडचा पुढचा भाग आवरणारा पट्टा) आखूड कर, दुसरा म्हणतो मागचा शॉक गेलाय, नवीन टाक. खिशाला हात घालण्याआधी इथे विचारतोय.

पुणेरी ठसका

आमच्याकडे पंखा पाचवर आणि तुम्ही बर्फाच्या गोष्टी करताय, वाचूनच गार वाटलं. बाळबोध प्रश्न आहे. आमच्या बुलेटच्या मागच्या शॉकला खाली खाचांचं कडं असतं. डबलसीट जायचं असलं की गॅरेजवाला पान्याने ते दोन खाचा वर चढवतो. तसलं काही तुमच्या या यंत्राला नसतं का?

चिमणी (ह्यूटन, मिशिगन)

ठसका, असतं, आणि तत्त्वही तेच. टॉर्शन स्प्रिंगचा लांब पाय एका चौकोनी-षटकोनी ठोकळ्यावर टेकलेला असतो. त्याला कॅम म्हणतात. ठोकळ्याची प्रत्येक बाजू मध्यापासून वेगळ्या अंतरावर असते. तो फिरवला की स्प्रिंग आधीपासूनच जास्त पिळलेली राहते आणि मागची बाजू वर येते.

पण बंड्यादादा, पाना नंतर. आधी टेप घ्या. मी इथे विद्यापीठाच्या क्लीन स्नोमोबाइल टीममध्ये दोन हिवाळे काढले (ती स्पर्धा २००० साली वायोमिंगमध्ये सुरू झाली आणि २००३ पासून आमच्या गावात आली). स्पर्धा धूर आणि आवाज कमी करण्याची, पण गाडीच्या सेटिंगला हात लावण्याआधी आकडा लिहून ठेवायचा ही सवय तिथेच लागली.

स्लेड रात्रभर गॅरेजमध्ये ठेवा. स्किडमधला बर्फ पूर्ण वितळू दे. रेल (ट्रॅक ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या) आणि टनेलच्या (ट्रॅकच्या वरचं गाडीचं छत) मधे गोठलेला गोळा असला तर घेतलेलं माप खोटं निघतं. मग सपाट फरशीवर मागचा बंपर धरून वर उचला. सस्पेन्शन पूर्ण उघडून ट्रॅक जमीन सोडायच्या बेतात आला की थांबा. फरशीपासून बंपरपर्यंतची उंची मोजा. बंपरवर चिकटपट्टीची खूण करून ठेवा, म्हणजे प्रत्येक वेळी तीच जागा मोजली जाईल. हे पहिलं माप.

हळूच खाली सोडा, गाडीला स्वतःच्या वजनावर बसू द्या. दुसरं माप.

आता तुम्ही पूर्ण पोशाखात बसा. हेल्मेटसकट, बॅग रॅकवर ठेवून, टाकीत नेहमीइतकं पेट्रोल असताना. दोनचार वेळा अंग टाकून गाडी हलवा आणि चालवताना बसता तसे बसा. मोजायला दुसरं कोणी हवं. वाकून स्वतः मोजलंत तर वजन पुढे जातं आणि माप बिघडतं. हे तिसरं.

पहिल्यातून तिसरं वजा केलं की स्वारासकट सॅग मिळतो. पहिल्यातून दुसरं वजा केलं की नुसत्या गाडीचा. दोन्ही आकडे इथे टाका.

अजून एक. वरून दाबून सोडल्यावर गाडी एका उंचीला थांबते, उचलून सोडल्यावर दुसऱ्या. घर्षणामुळे एवढा फरक पडतोच, मधला आकडा धरा. पण फरक इंचाच्या पुढे गेला तर कुठला तरी पिव्हट कोरडा पडलाय किंवा गंजलाय. आधी ग्रीसगन चालवा.

ट्रेलचा राजा (वॉसॉ, विस्कॉन्सिन)

एवढी मोजमापं कशाला? लिमिटर स्ट्रॅप दोन भोकं आत घ्या, स्की जमिनीला चिकटतील, वळणाचा प्रश्न संपला. पंधरा मिनिटांचं काम. मी सगळ्या स्लेडना हेच करतो.

संथ वाहते

ट्रॅक सैल झालाय का ते बघितलंत का? आमच्याकडे तसं झालं होतं, मागचा बोल्ट आवळला आणि ठीक झालं.

चिमणी

@संथ वाहते, ट्रॅकचा ताण हे वेगळं काम आहे. ट्रॅकच्या मध्यावर ठराविक वजन टांगून तो रेलपासून किती लोंबतो ते बघतात. त्याने बंपरची उंची बदलत नाही. सस्पेन्शन लावून झाल्यावर ताण पुन्हा तपासावा लागतो, एवढाच दोन्हींचा संबंध.

@ट्रेलचा राजा, स्ट्रॅपबद्दल आमचे स्प्रिंगवाले काका आले की बोलतीलच. :)

बर्फाळ बंड्या

चिमणीताई, दंडवत. बायकोला टेप धरायला लावला. ती म्हणाली, "गाडी बसतेय की तू जाड झालायस हे मोजतोय आपण?" असो.

पूर्ण वर उचलून: ३०½ इंच.
नुसती गाडी: २८¾ इंच.
मी, पूर्ण जामानिमा, बॅगसकट: २४½ इंच.

म्हणजे नुसत्या गाडीचा सॅग पावणेदोन इंच आणि माझ्यासकट सहा इंच. दाबून आणि उचलून मोजण्यातला फरक अर्ध्या इंचाहून कमी होता. दोन्ही कॅम सर्वांत खालच्या खाचेवर आहेत.

स्प्रिंगवाला (डेट्रॉइट)

सहा इंच म्हणजे पाव-अर्ध्याचा घोळ नाही, चांगलाच बसलाय. उशिरा आलो, आता सविस्तर लिहितो. उभा जन्म गाड्यांच्या स्प्रिंगांत गेला आहे आणि हिवाळ्यात शनिवार-रविवार मीही वर गेलॉर्डकडे असतो.

आधी किती हवा ते पाहू. बऱ्याच मॅन्युअलमध्ये मागचा सॅग स्वारासकट ५० ते ७५ मिलिमीटर, म्हणजे दोन ते तीन इंच दिलेला असतो. ज्यांचा मागचा प्रवास (पूर्ण उघडल्यापासून पूर्ण दबेपर्यंतचं अंतर) चौदा-पंधरा इंचांचा आहे अशा गाड्यांना त्याहून थोडा जास्त चालतो. ढोबळमानाने एकूण प्रवासाचा पाव ते एक तृतीयांश. तुमच्या गाडीच्या पुस्तकात वेगळा आकडा असेल तर पुस्तक खरं, मी खोटा.

सॅग शून्य का नको? कारण सस्पेन्शनला खालीही जाता आलं पाहिजे. खड्डा आला की चाक, इथे रेल, खाली उतरून जमिनीला धरून राहते. सॅग नसेल तर खड्ड्यावरून ट्रॅक अधांतरी जातो आणि पुढच्या काठावर आदळतो.

आता तुमची लक्षणं बघा. स्किडचा पुढचा आर्म (स्किड गाडीला जोडणारा दांडा) हा गाडीचा टेकू आहे. त्याच्या मागचा भाग खाली बसला की पुढचा भाग उचलला जातो. स्कीवरचं वजन घटतं, म्हणून वळणावर गाडी सरळ पळते. नाक वर जातं म्हणून हेडलाइट झाडांच्या शेंड्यांना आणि समोरच्याच्या डोळ्यांना लागतो. आणि सहा इंच आधीच खर्च झाल्यावर खड्ड्यासाठी प्रवास उरतोच किती? म्हणून आपटतं. तीन तक्रारी आहेत, पण दुखणं एकच.

राजेसाहेब, स्ट्रॅपबद्दल. लिमिटर स्ट्रॅप पुढचा आर्म किती उघडावा ते ठरवतो. तो आखूड केला की स्कीवर भार वाढतो, हे तुमचं बरोबर. पण मागची बाजू एक सूतही वर येत नाही. आपटणं तसंच राहतं, दिव्याचा कोन थोडाफार सुधारतो. खोल बर्फात तर नाक खुपसून बसेल. मागचं बरोबर उंचीवर आल्यावरही स्की हलक्या वाटल्या तर स्ट्रॅपला हात लावायचा.

शॉक बदलायला सांगणाऱ्या मित्रालाही चहा पाजा, पण शॉक घेऊ नका. गाडी कोणत्या उंचीवर उभी राहणार हे स्प्रिंग ठरवते. शॉकचं काम हालचालीचा वेग आवरणं. आतल्या नायट्रोजनमुळे रॉडवर थोडा दाब असतो, तो गेला तर किंचित फरक पडेल, पण सहा इंचांचा हिशेब त्याने जुळत नाही. शॉक गेलाय का हे बघायचं तर बंपर जोरात दाबून सोडा. आवरून वर आला तर ठीक. उसळून आला, किंवा रॉडभोवती तेलाचा ओलावा दिसला, तर शॉक उघडून रीबिल्ड करा. पण ते वेगळं काम.

आता तपासायच्या गोष्टी. दोन्ही स्प्रिंगा शाबूत आहेत का? टॉर्शन स्प्रिंग बहुधा वेटोळ्याजवळ, पाय जिथे सुरू होतो तिथे तुटते आणि चिखल-बर्फात ती मोड दिसत नाही. एक तुटली की गाडी बसते आणि एका बाजूला किंचित झुकते. स्प्रिंगचा पाय ज्या प्लास्टिकच्या गोटीवर सरकतो ती जागेवर आहे का? आर्मचे बोल्ट, बुशिंग हलवून बघा.

हे सगळं ठीक असेल तर दोन्ही कॅम एक-एक खाच वर घ्या. दोन्ही बाजूंना सारखंच. डावा कॅम ज्या दिशेने फिरतो त्याच्या उलट उजवा. दिशा पुस्तकात दिलेली असते, ती पाळा. सर्वांत वरच्या खाचेवरून थेट सर्वांत खालच्या खाचेवर उडी मारू नका, तिथे पाना हातातून निसटतो. प्रत्येक खाचेला तिन्ही मापं घ्या.

ट्रेलचा राजा

काका, वीस वर्षं चालवतोय मी. स्ट्रॅपने फरक पडतो म्हणजे पडतो.

स्प्रिंगवाला

पडतोच हो, मी नाही कुठे म्हणालो? स्कीला पडतो. बंड्याच्या कमरेला नाही पडणार.

गारठलेला गणू

आम्ही मागच्या वर्षी गुलमर्गला गेलो होतो. कोंगदोरीला त्या स्कूटरवर चालक पुढे आणि मी त्याच्या मागे. चढावर गॅस दिला की पुढच्या पट्ट्या चक्क हवेत! मी देवाचं नाव घेत होतो. तेही हेच का?

चिमणी

गणूदादा, त्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत. मागे दुसरा माणूस बसला की सॅग वाढतो, कारण तो पार मागच्या आर्मच्या वर बसतो. म्हणून दोघांच्या गाड्यांना ट्रॅक लांब आणि स्प्रिंगा कडक देतात. मागचा माणूस उतरला की कॅम खाली घ्यायचा, बसला की वर.

पण गॅस दिल्यावर स्की उचलल्या जाणं म्हणजे वेट ट्रान्सफर. ट्रॅक जमीन मागे ढकलतो, आणि त्या ओढीने भार मागे जातो. ते आवरायला कपलिंग ब्लॉक असतात. मागचा आर्म एका मर्यादेपुढे एकटा दबू न देता पुढच्या आर्मला सोबत ओढायचं, हे त्यांचं काम. गाडी उभी असताना त्यांचा काही संबंध येत नाही, म्हणून सॅग बघताना त्यांच्याकडे बघायचंच नाही.

हिमगौरी (कॅल्गरी)

आमच्या डोंगरातल्या गाडीला मागे स्प्रिंगच नाही, एअर शॉक आहे. १५४ इंची ट्रॅक. घरी गॅरेजमध्ये व्यवस्थित हवा भरून गोल्डनच्या डोंगरात नेली की तिथे पहिल्याच चढाला मागून लोळते. पंप तर चांगला आहे. गळतीही नाही, साबणाचं पाणी लावून पाहिलं. हाच नियम आम्हाला लागू का?

स्प्रिंगवाला

लागू आहे, फक्त तुमची स्प्रिंग म्हणजे आतली हवा. आणि हवा थंडीत आकसते. हिशेब करून दाखवतो. गॅरेज २० अंश, गेजवर १०० पीएसआय. गेज वातावरणाचा दाब सोडून मोजतो, तो मिळवला की एकूण सुमारे ११५. बाहेर उणे २० असेल तर केल्विनमध्ये २९३ चे २५३ झाले, म्हणजे दाब सुमारे चौदा टक्के घटला. ११५ चे ९९ झाले, त्यातून वातावरणाचा दाब वजा केला की गेजवर उरले ८४. काही न गळता सोळा पीएसआय गायब!

म्हणून हवा बाहेर भरा. ट्रेलरवरून उतरवल्यावर गाडी तासभर थंडीत उभी राहू दे, मग पंप लावा. चालवून आल्यावर लगेच मोजू नका, शॉक काम करून गरम झालेला असतो. आणि पंप जोडताना थोडी हवा पंपाच्या नळीत जाते, त्यामुळे नुसतं "किती आहे बघू" म्हणून जोडलात तरी आकडा थोडा पडलेला दिसतो. ती गळती नव्हे.

तुमच्याकडे सॅग थोडा जास्तही चालेल. खोल बर्फात नाक वर हवंच असतं. बंड्याचं काम ट्रेलवरचं आहे.

हिमगौरी

बापरे, सोळा! नवऱ्याने त्या पंपाला किती शिव्या दिल्या असतील. धन्यवाद काका.

पुणेरी ठसका

म्हणजे पहाटे सिंहगडला निघताना टायरची हवा कमी वाटते ती यामुळे. चला, माझाही फायदा झाला.

बर्फाळ बंड्या

ताजा हालहवाल. स्प्रिंगा दोन्ही शाबूत. प्लास्टिकच्या गोट्या जागेवर. सगळ्या निपलांतून ग्रीस मारलं, जुनं काळं ग्रीस बाहेर येईपर्यंत. शॉक आवरून वर येतो, तेल नाही.

कॅम एकेक खाच चढवत गेलो. मधली मापं देत नाही, सर्वांत वरच्या खाचेवरची देतो:

पूर्ण वर: ३०½. नुसती गाडी: ३०. मी बसल्यावर: २६.

म्हणजे सहाचे साडेचार झाले. चालवून पाहिलं. दिवा सुधारला, वळणं बरी. पण आता गंमत अशी की लहान खडबडीत जागी मागचं आधीपेक्षा टणक वाटतं आणि मोठ्या खड्ड्यात तरीही आपटतंच. हे कसं काय?

स्प्रिंगवाला

तुमच्या आकड्यांतच उत्तर आहे. नुसत्या गाडीचा सॅग अर्ध्या इंचावर आला. म्हणजे स्प्रिंग इतकी आधीच पिळली आहे की रिकामी गाडी जवळजवळ पूर्ण उघडी उभी राहते. तरी तुम्ही बसलात की चार इंच खाली. आधी खालच्या खाचेवर तुम्ही बसल्यावर सव्वाचार इंच जात होती. फरक जेमतेम पाव इंचाचा.

कारण प्रीलोडने, म्हणजे कॅमने आधीच पिळून ठेवल्याने, स्प्रिंग कडक होत नाही. सुरुवात कुठून करायची एवढंच बदलतं. पुढच्या प्रत्येक इंचाला ती तेवढाच विरोध करते जेवढा आधी करायची. सुरुवातीचा जोर वाढला, म्हणून बारीकसारीक खडबडीवर ती हलतच नाही आणि टणक लागते. मोठ्या खड्ड्याला लागणारा जोर तिच्या अंगात नाहीच, म्हणून आपटते. ही स्प्रिंग तुमच्यासाठी मऊ आहे. आधीच्या मालकाला ती फिट्ट असणार.

नुसत्या गाडीचा सॅग म्हणूनच मोजायला सांगतात. तो जवळजवळ संपला आणि स्वाराचा अजून जास्तच आहे, तर कॅमशी झटापट बंद करायची आणि कडक स्प्रिंग आणायची. उलट नुसत्या गाडीचाच भरपूर आणि स्वाराचा थोडासाच जास्त असेल तर स्प्रिंग गरजेपेक्षा कडक आहे आणि प्रीलोड कमी पडतोय.

किती कडक आणायची? टॉर्शन स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातात वाढतो. कागदावर करून बघा: ०.३४७ इंची तारेऐवजी ०.३७५ ची घेतली, तर जाडी आठ टक्के वाढली पण कडकपणा छत्तीस टक्के, वेटोळी आणि व्यास तेच असतील तर. त्यामुळे दुकानात "जरा जाड द्या" म्हणून चालत नाही. तार चौकोनी की गोल तेही बघा. त्याच मापाची चौकोनी तार गोल तारेपेक्षा दीडपटीहून जास्त कडक भरते. कंपनीच्या पार्ट बुकात स्वाराच्या वजनाप्रमाणे स्प्रिंगांचा तक्ता असतो, त्यात तुमचं पोशाखासकटचं वजन बघून घ्या. फुशारकीने एक पायरी वरची घेऊ नका.

ट्रेलचा राजा

हे मात्र पटलं. माझं वजन ७२ किलो आहे, म्हणून मला कधी स्प्रिंगचा प्रश्नच आला नसेल.

स्प्रिंगवाला

राजे, तुम्ही मोठ्या मनाचे.

बाराभाई

नवीन गाड्यांना हँडलवर बटन असतं, मऊ-मध्यम-कडक. त्याने सॅग जातो का? असं असेल तर बंड्याने ती जुनी विकून टाकावी, हाकानाका.

चिमणी

बहुतेक बटनं शॉकमधलं तेल किती सहज वाहील ते बदलतात. त्याने आपटणं कमी होतं, उभ्या गाडीची उंची तीच राहते. सॅग चुकलेल्या गाडीवर "कडक" दाबून फिरणं म्हणजे चष्म्याचा नंबर चुकलेला असताना ट्यूबलाइट बदलणं.

बर्फाळ बंड्या

स्प्रिंगा मागवल्या. तक्त्याप्रमाणे माझ्या वजनाला सध्याच्या स्प्रिंगेच्या वरची जोडी निघाली. घरी बसवू की दुकानात देऊ?

स्प्रिंगवाला

दोन्ही चालेल. घरी करणार असाल तर एवढं सांभाळा. डावी आणि उजवी वेगळी असते, वेटोळं उलट दिशेचं. बदलायची ती जोडीनेच. आधी कॅम सर्वांत खालच्या खाचेवर आणा. मागचा बंपर जॅकवर घेऊन स्किडवरचा भार काढा. स्प्रिंगचा लांब पाय टेकणीवरून सोडवायला आकड्यासारखं हत्यार मिळतं, ते घ्या. लोक स्क्रूड्रायव्हरने करतात आणि तो पाय सुटला की मनगट फोडतो. डोळ्यांवर चष्मा. तोंड त्या पायाच्या रेषेत आणायचं नाही, बोटं तर नाहीच.

काही स्किडमध्ये स्प्रिंग काढायला मागचा आर्मच बाहेर घ्यावा लागतो. तसं असेल तर सरळ दुकानात द्या, नाहीतर पुढचा शनिवार गॅरेजच्या फरशीवर जाईल. नवीन बोल्टला पुस्तकातला टॉर्क, आणि हाताशी आहे तर बुशिंगही पाहून घ्या.

आणि ती रॅकवरची बॅग! ती अगदी मागे, आर्मच्याही पलीकडे लटकते, त्यामुळे तिचं वजन सस्पेन्शनला आहे त्याहून जास्त जाणवतं. जड सामान सीटच्या जवळ आणा.

बर्फाळ बंड्या

बसवल्या. शेजारचा नॉर्वेजियन आजोबा मदतीला आला, त्याच्याकडे ते आकड्याचं हत्यार निघालं. बॅगेतला टो रोप आणि अवजारं सीटखालच्या कप्प्यात गेली, मागे फक्त डबा आणि थर्मास.

कॅम तिसऱ्या खाचेवर. पूर्ण वर ३०½, नुसती गाडी २९¾, मी बसून २७. साडेतीन इंच!

ट्रेलवर फरक लख्ख आहे. दुपारच्या खड्ड्यांतही मागचं तळाला जात नाही. एखादं मोठं आलं तर शेवटाला गेल्याचं कळतं, पण दणका नाही. दिव्यामुळे कोणी हात हलवत नाही, हलवलाच तर खरंच नमस्कार. एकच नवी तक्रार. हँडल आता जड झालंय. दोन तासांनी दंड भरून येतात, आणि कडक बर्फात स्की जुन्या चाकोऱ्यांत शिरून इकडेतिकडे ओढतात.

चिमणी

अपेक्षितच. मागचं वर आलं, स्कीवर वजन आलं. आधीच्या मालकाने हलक्या स्कीवर उतारा म्हणून पुढचं काही आवळून ठेवलं असेल. स्ट्रॅप कितव्या भोकात आहे बघा. पुस्तकातल्या मूळ जागेपेक्षा आखूड असेल तर मूळ जागी आणा.

तो ठीक असेल तर सेंटर शॉकच्या (पुढच्या आर्मवरचा शॉक) स्प्रिंगचा प्रीलोड थोडा वाढवा. पुढच्या आर्मचा टेकू कडक झाला की गाडीचं नाक थोडं हलकं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि त्याच वळणावर पुन्हा जाऊन बघायचं. तसं नाही केलं तर फरक कशाने पडला ते कळत नाही. चाकोरीत ओढण्यात स्कीखालच्या झिजलेल्या कार्बाइडचाही (बर्फात रुतणारी कडक धार) हात असतो, तेही चाचपून बघा.

आणि ट्रॅकचा ताण तपासलात का? सस्पेन्शनची उंची बदलली की तोही बदलतो.

बर्फाळ बंड्या

स्ट्रॅप खरंच एक भोक आखूड होता! मूळ जागी आणला, हँडल हलकं झालं. सेंटर शॉकला हात लावायची गरज पडली नाही. ट्रॅक किंचित सैल निघाला, पुस्तकाप्रमाणे आवळला आणि दोन्ही बाजूंचं अंतर सारखं केलं. कार्बाइड बोथट आहेत, पुढच्या पगाराला बदलतो.

ट्रेलचा राजा

शेवटी स्ट्रॅपच कामाला आला की नाही? :D

बर्फाळ बंड्या

आला, राजे. सैल करून.

अवनी (विनिपेग)

सगळा धागा वाचून काढला, उत्तम चर्चा. माझं मात्र नेमकं उलटं आहे. मी पोशाखासकट ६३ किलो, गाडी दादाची होती आणि तो चांगला धिप्पाड. मी बसले तरी मागचं इंचभरसुद्धा खाली जात नाही. खड्ड्यावर मागून फेकली जाते आणि हँडल दगडासारखं जड. दादाने जातानाच सांगितलं होतं की त्याने कडक स्प्रिंगा घातल्यात. कॅम सर्वांत खाली घेतले, तरी फरक नगण्य.

स्प्रिंगवाला

अवनी, कॅम खाली असूनही इंचभर बसत नाही म्हणजे स्प्रिंग तुझ्या वजनाची नाही. तक्त्यात खालची जोडी बघ. दादाने शॉकचं रिबाउंड (दबल्यावर परत वर येण्याचा वेग आवरणं) त्या कडक स्प्रिंगेप्रमाणे लावलं असेल तर तेही सैल करावं लागेल. नाहीतर मऊ स्प्रिंग घातल्यावर मागचं दबेल आणि वर यायला उशीर करेल, मग ओळीने खड्डे आले की दर खड्ड्याला थोडं थोडं खालीच राहत जाईल. शॉकला बाहेरून फिरवायचा स्क्रू आहे का ते बघून सांग. आणि नुसत्या गाडीचं माप दिलेलं नाहीस. ते टाक, मग पुढचं बोलू.

अवनी

स्क्रू आहे, खालच्या टोकाला. माप उद्या घेते, आत्ता बाहेर उणे एकतीस आहे आणि गाडी अंगणात.